लिनोकटला न्याय हवा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील ब्रिटिश छापचित्रांवरील लेखात लिनोकटची, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांची, ‘शाळकरी हस्तकला’ अशी एका ओळीत बोळवण केली आहे. ती पटली नाही. लिनोलियम हे जमिनीवर अंथरायचे स्वस्त आवरण, आणि हा स्वस्तपणाच ब्रिटिश चित्रकार क्लॉड फ्लाइट यांना मोलाचा वाटला. १९२६ पासून लंडनच्या ग्रोव्हनर स्कूल या कलाशाळेत शिकवताना, सामान्य माणूस बिअरवर किंवा सिनेमाच्या तिकिटावर जेवढा खर्च करतो तेवढ्यात त्याला मूळ चित्र घेता यावे, असा त्यांचा आग्रह होता. लहान मुलेही लिनो कोरतात, हे खरे. पण फ्लाइट यांच्या पद्धतीत बाह्यरेषेचा मुख्य ठसा नसे. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा कोरून रंगावर रंग चढवत चित्र उभे करावे लागे. एक ठसा किंचित सरकला तरी सारे बिघडते. त्यांच्या विद्यार्थिनी सिबिल अँड्र्यूज यांचे १९३४ चे ‘स्पीडवे’ पाहावे: पुढे झुकलेल्या मोटारसायकलस्वारांचा तो वेग मोजक्या ठशांतून आला आहे. ब्रिटिश चित्रकार एडवर्ड बॉडेन यांनी तर १९६० मध्ये लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट रेल्वे स्थानकाचे अवाढव्य लोखंडी छत लिनोवर कोरले. लेखात या दोघांचे नावही नाही, याचे वाईट वाटले.

– एक वाचक, पुणे