ब्रिज उभारा, पण नव्या पत्त्यावर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२१मध्ये रशियाने टॉर अडवले. टॉर म्हणजे अनेक यंत्रांतून वाहतूक फिरवून ओळख लपवणारे आणि बंदी ओलांडू देणारे जाळे. सप्टेंबर २०२२मध्ये हिजाबवरून अटक झालेल्या महसा अमिनी यांच्या मृत्यूनंतर इराणने इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप बंद केले. दोन्ही वेळी लोकांना वाट मिळाली ती जगभरच्या स्वयंसेवकांच्या यंत्रांतून. हे काम इथे बसूनही करता येते आणि अधिक लोकांनी करावे असे मनापासून वाटते. मात्र घाईत उभारलेले पुष्कळ ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरण्याची छुपी दारे, फुकट जातात.

टॉरच्या रिलेंची, म्हणजे वाहतूक पुढे ढकलणाऱ्या यंत्रांची, यादी जाहीर असते. सेन्सॉर ती उतरवून घेतो आणि सगळे पत्ते एका फटक्यात बंद करतो. ब्रिज म्हणजे त्या यादीत नसलेला रिले. त्यामुळे ज्या आयपी पत्त्यावर पूर्वी रिले चालवला, तिथेच ब्रिज उभारण्यात अर्थ नाही. पोर्ट (यंत्रावरच्या जोडणीचा क्रमांक) ९००१ टॉरचा म्हणून ओळखला जातो, सेन्सॉर तोच चाचपत फिरतात, तोही टाळा. ४४३ घेतलात तर ओबीएफएस४ला (टॉरची वाहतूक ओळखू न येऊ देणाऱ्या ब्रिजवरच्या प्रोग्रामला) १०२४च्या खालचा पोर्ट उघडण्याची परवानगी लिनक्सवर वेगळी द्यावी लागते. ती राहिली, की टॉर चालू दिसते, ब्रिज मात्र बंद. म्हणून सुरू केल्यावर लॉग (टॉरने ठेवलेली नोंद) वाचाच.

वेग किमान १ एमबीपीएस हवा, तोही चोवीस तास. ब्रिजचा पत्ता असलेली ओळ लोक हातोहात पोचवतात. तुमचा पत्ता बदलला, की तेहरानमधल्या माणसाकडची ओळ मेली. त्याच पत्त्यावर सिस्टिम नव्याने टाकणार असाल तर टॉरचा डेटा फोल्डर आधी कॉपी करा, त्यात ब्रिजची ओळख ठरवणाऱ्या किल्ल्या असतात.

घरच्या ब्रॉडबँडवर राउटरचे स्टेटस पान उघडा. तिथला डब्ल्यूएएन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे ठेवले आहेत. बाहेरून तुमच्यापर्यंत कुणी पोचणार नाही, ब्रिज चालणार नाही. अशांनी फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये स्नोफ्लेकचे, म्हणजे तुमच्या ब्राउझरमधून इतरांना टॉरपर्यंत पोचवणारे, एक्स्टेन्शन टाकावे. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ब्राउझर उघडा असेपर्यंत मदत चालू राहते.

पोलीस दारात येतील का, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिज आणि स्नोफ्लेक वाहतूक पुढे टॉरच्याच जाळ्यात सोडतात, वेबसाइटला तुमचा पत्ता दिसत नाही. दिसतो तो एक्झिट रिलेचा, म्हणजे वाहतूक जाळ्याबाहेर सोडणाऱ्या शेवटच्या यंत्राचा, आणि तक्रारीही त्याच्याच नावाने येतात. एक्झिट घरच्या जोडणीवरून कधीही चालवू नये.

आपला,
एक वाचक, पुणे