धनकवडीच्या गॅरेजवाल्या दादांना, सा.न.वि.वि.

दादा, तुमचं नाव लिहीत नाहीये, तुम्हाला आवडायचं नाही. पण पांढरी गाडी, डावं पुढचं चाक आणि सोबत बडबडी आई म्हटलं की तुम्हाला आठवेलच.

आधी थोडं मनातलं ओकून टाकते. माझी आई 62 वर्षांची, ड्रायव्हिंग शिकली ती प्रीमियर पद्मिनीवर, अजूनही खंबाटकी उतरताना गियर खाली घेते आणि शेजारी बसलेल्याला घाट कसा उतरावा यावर लेक्चर देते. अशा बाईला वाईहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाच्या उतारावर जळका वास आला, गाडी डावीकडे ओढायला लागली, तिने कशीबशी बाजूला घेतली तर चाकाजवळ हात नेववत नव्हता. आणि आम्ही गाडी जिथे दाखवली तिथल्या काउंटरवरच्या पोराने चाक न खोलताच निकाल दिला, "मॅडम ब्रेकवर पाय ठेवून चालवत असणार, या वयात होतं." या वयात!! नवीन ब्रेक पॅड टाकले, बिल घेतलं, थोड्या दिवसांत परत तोच वास. मग अजून एकाने डिस्क (पॅड जिच्यावर दाबतात ती चकती) लेथवर नेऊन घासून आणली आणि शेवटी तोही हेच म्हणाला, फक्त जरा हसून.

आईने त्यानंतर किल्ली हुकला लावली ती लावलीच. मंडईत जायचं तर रिक्षा, मावशीकडे जायचं तर मला फोन. "मला नाही झेपत आता" म्हणाली, मला ते ऐकवलं नाही.

म्हणून दादा, तुम्ही गाडी कशी नीट केलीत त्यापेक्षा तुम्ही काय केलंत ते मला लिहायचंय. चाक काढलंत, दोन्ही पॅड हातात घेतलेत आणि माझ्याकडे न बघता मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या आईला हाक मारलीत, "काकू, जरा इकडे या." आतला पॅड पार पत्र्याला लागलेला, बाहेरचा जवळजवळ नवाकोरा. "तुमच्या पायाने झालं असतं तर दोन्ही सारखे झिजले असते, आणि उजव्या चाकाचेही. तुमचा पाय नाही काकू, ही पिन आहे." बास. एवढंच. आईचा चेहरा तुम्ही पाहिला नसेल, तुम्ही लगेच खाली वाकलात, मी पाहिला.

मग कळलं की कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक पूर्ण जाम होती, म्हणून ब्रेक सोडला तरी तो मोकळा होत नव्हता. कुणीतरी पिनेला साधं ग्रीस फासून ठेवलेलं, त्याने आतलं रबर पावसाळ्यातल्या दरवाजासारखं फुगलं, आणि वरचं रबरी आवरण फाटलेलं त्यामुळे पाणी आणि चिखल आत, गंज. नवीन पॅड टाकले तेव्हा ही पिन कुणी हलवून बघितली नाही, दादा! हाताने सरकते का एवढंच बघायचं असतं म्हणालात ना तुम्ही?

पिन काढताना तुटली आणि अर्धा तुकडा ब्रॅकेटमध्येच (पिन जिच्यात बसते ती चौकट) राहिला, तेही तुम्ही स्वतःहून सांगितलंत. "तुटली. ब्रॅकेट वाचलं तर वाचवतो, नाही तर नाना पेठेतून आणू, आधी विचारेन." वेल्डिंग, टॉर्च काय काय केलंत ते मला काही सांगता यायचं नाही, पण तुकडा निघाला आणि तो खर्च वाचला. दुसऱ्या कुणी "असंच आलं होतं" म्हणून अख्खा कॅलिपर बिलात लावला असता आणि आम्हाला काय कळणार होतं.

आणि सगळं झाल्यावर नवीन पिन सिलिकॉन ग्रीस लावून बसवलीत, परत आईला बोलावलंत, "दाबा अंगठ्याने." तिने दाबली, पिन गुपचूप आत गेली आणि सोडल्यावर आतल्या हवेने जराशी बाहेर आली. आईने उगाचच परत दाबून बघितली. मग परत. तुम्ही हातातलं काम थांबवून उभे राहिलात, घाई केली नाहीत, मागे दोन गाड्या थांबल्या होत्या तरी.

पुण्यात हुशार मिस्त्री ढिगाने आहेत हो, पण समोरच्याला आधी खोटं न पाडता ऐकून घेणारा माणूस शोधायला लागतो. बँकेत शोधा, दवाखान्यात शोधा, सगळीकडे तेच, बाई आणि वय दिसलं की उत्तर तयार.

घरी जाताना गाडी आईने चालवली, मला विचारलं पण नाही. परवा वाईला एकटी जाऊन आली, बोगद्यानंतर थांबून चाकाजवळ हात नेऊन बघितला आणि मला फोन, "गार आहे गं!" (गार कसलं, कोमट असणार, पण असू दे.)

पावसाळ्याच्या आधी पिना साफ करायला आणतोच, तुम्ही सांगितलंय तसं. सोसायटीत चार जणांना तुमचा पत्ता दिलाय, गर्दी झाली तर शिव्या मला घाला, आणि आईने दिलेला चिवड्याचा डबा परत करायची अजिबात गरज नाही असं तिने तीनदा सांगायला लावलंय.