जुन्या कंपनीकडून घ्यायच्या दाखल्याविषयी

टिळकवाडी, बेळगाव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

उद्यमबागेतल्या तुझ्या जुन्या कारखान्याकडून अनुभवाचा दाखला अजून येत नाही आणि चाकणच्या नव्या कंपनीने तो मागितला आहे, असे तू काल फोनवर म्हणालीस. फोनवर अशा गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझी सारी नोकरी टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी आणि नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, गेली आणि असे दाखले टंकून साहेबांच्या सहीसाठी ठेवणे हे माझेच काम होते. तेव्हा टेबलाच्या पलीकडून हे प्रकरण कसे दिसते, ते तुला ठाऊक असलेले बरे.

दाखला अडण्याचे नेहमीचे कारण अगदी किरकोळ असते. ‘नो ड्यूज’च्या, म्हणजे काही देणे उरले नसल्याच्या, कागदावर स्टोअर, कँटीन, अकाउंट्स यांपैकी कोणाची तरी सही राहिलेली असते आणि तो कागद कुठल्या तरी ट्रेमध्ये पडून असतो. तू इन्स्पेक्शन खात्यात होतीस, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गेज तुझ्या नावावर दिलेले असणार. ते परत केल्याची नोंद स्टोअरच्या वहीत झाली आहे ना, हे आधी पक्के करून घे. ओळखपत्र अजून तुझ्याकडेच असेल, तर तेही राहिले आहे. नोटीसचे दिवस पूर्ण भरले नसतील, तर त्यांचा पगार अखेरच्या हिशेबात वळता झाला की नाही, तेही विचार. हे सारे मिटलेले असताना कोणी दाखला अडवला, तर मात्र तो हेकेखोरपणा समजावा आणि त्याचा उपाय निराळा आहे.

तू आजवर व्हॉट्सॲपवर ‘सर, प्लीज लेटर द्या’ एवढेच लिहीत आलीस. कोणते लेटर, हे त्यातून कळत नाही. राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र, कामावरून मोकळे केल्याचे म्हणजे रिलीव्हिंग लेटर आणि सेवेचा दाखला हे तीन वेगळे कागद आहेत. मंजुरीची ईमेल तुझ्याकडे आहे, म्हणून उरलेले दोनच माग. अर्जात तुझे पूर्ण नाव, टोकन नंबर, खाते, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, राजीनाम्याची तारीख आणि कामाचा शेवटचा दिवस एवढे लिही, आणि सोबत दाखल्याचा मसुदा तूच इंग्रजीत तयार करून जोड. आमच्याकडे कामगारांशी बोलणे मराठीत, सरकारी नमुने कन्नडमध्ये आणि पत्रव्यवहार इंग्रजीत, असा तिरपागडा कारभार असतो. पुण्यात कन्नड दाखला गेला तर भाषांतराचे नवे लचांड मागे लागेल. मसुद्यात ‘अत्यंत कार्यक्षम’, ‘अतिशय होतकरू’ असली विशेषणे घालू नकोस. नुसत्या तारखा आणि हुद्दा असलेल्या कागदावर साहेब चहा पिता पिता सही करतात. स्तुती आली की त्यांना खातेप्रमुखाचे मत मागवावेसे वाटते आणि तिथे आठवडा जातो.

दाखला येईपर्यंत स्वस्थ बसायचे कारण नाही, कारण तुझ्या नोकरीचा पुरावा त्या एका कारखान्याच्या कपाटातच आहे असे नव्हे. पीएफच्या पोर्टलवर तुझ्या यूएएन, म्हणजे पीएफच्या कायम खाते क्रमांकाने लॉगिन केलेस की सर्व्हिस हिस्टरीत कंपनीचे नाव आणि रुजू झाल्याची तारीख दिसते, आणि पासबुकात महिन्यामहिन्याचा भरणा दिसतो. कंपनीने तो भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो, त्यामुळे शेवटच्या महिन्याची नोंद उशिरा दिसली तर घाबरू नकोस. सोडल्याची तारीख कंपनीने घातली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटल्यावर ती सभासदाला स्वतः घालता येते. मात्र ती नव्या नोकरीच्या रुजू तारखेच्या पुढे जाऊ देऊ नकोस, नाहीतर एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी केल्यासारखे दिसेल. पगारातून प्राप्तिकर कापला गेला असेल तर फॉर्म १६ आणि २६एएस, म्हणजे कंपनीचा कर कापल्याचा दाखला आणि प्राप्तिकर खात्याकडची त्याची नोंद, शिवाय नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे विवरण, असे सगळे एका पीडीएफमध्ये लावून चाकणच्या एचआरला पाठव, आणि दाखल्यासाठी अर्ज केल्याची प्रतही सोबत दे. तेवढ्यावर ते मुदत वाढवून देतील, असा माझा अंदाज आहे.

नावाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. इकडच्या कागदांवर कारकून वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर घालतात, आणि आपण मराठी माणसे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे पूर्ण लिहितो. आधारवर एक, पीएफमध्ये दुसरे आणि दाखल्यावर तिसरे झाले, तर तपासणी करणारा तिथेच अडतो. दाखला आधारप्रमाणेच हवा, असे अर्जातच लिही. शाळेच्या दाखल्यावर ‘बेलगाम’ आणि कंपनीच्या कागदावर ‘बेळगावी’ असेल, तर त्याची काळजी नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदलले, हे एका ओळीत सांगता येते.

कायद्याची भाषा पहिल्याच पत्रात नको. कारखान्याला स्थायी आदेश, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींचे लेखी नियम, लागू असतील, तर त्यांत सेवेच्या दाखल्याविषयी काय म्हटले आहे ते मी पाहून ठेवतो. पण ते कलम आधीच नाकासमोर धरले, की साधे काम वकिलाच्या टेबलावर जाते. पहिल्या अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर मालकांच्या नावे स्मरणपत्र देऊ, आणि त्यानंतर कामगार खात्याकडे जाऊ. तिथे विचारतात ते हेच, की मागणी लेखी केली होती का आणि त्याची पोच कुठे आहे.

तेव्हा अर्ज आणि मसुदा आधी ईमेलने कारखान्याला पाठव, मला त्याची प्रत ठेव, आणि सही केलेली मूळ प्रत, ओळखपत्र व माझ्या नावाचे अधिकारपत्र स्पीड पोस्टाने इकडे धाड. मी स्वतः उद्यमबागेत जाऊन ओळखपत्र जमा करतो आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेऊन येतो. अधिकारपत्रावर सही करायला विसरू नकोस.

तुझे बाबा