दुधाच्या पिशवीला परतीची वाट आहे, गोळ्यांच्या स्ट्रिपला का नाही?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुण्यातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत ओट्यामागच्या टाइल्सवर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या चिकटवून ठेवलेल्या दिसतात. ओली पिशवी टाइलला आपोआप चिकटते, वाळली की गळून ओट्यावर पडते आणि मग घडी होऊन सिंकखालच्या मोठ्या पिशवीत जाते. माझ्या सासूबाई हे करत, मीही चाळीस वर्षे करते आहे, आणि ते करताना ‘पुनर्चक्रीकरण’ हा शब्द आम्हा दोघींच्याही डोक्यात कधी आला नाही. रद्दीवाला या पिशव्यांचे वजनावर पैसे देतो, एवढेच कारण पुरेसे होते. घरातल्या मऊ प्लास्टिकचे आणि विशेषतः औषधांच्या रिकाम्या वेष्टनांचे काय करायचे, याविषयी मला जे सांगायचे आहे ते या सवयीपासूनच सुरू होते, म्हणून हा तपशील दिला.

जून 2019 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले होते की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या टाकल्या जातात आणि त्यांतून 31 टन प्लास्टिक कचरा तयार होतो. या आकड्यांचा साधा भागाकार केला तर एक पिशवी सुमारे तीन ग्रॅमची निघते. आमच्या घरी रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या येतात. म्हणजे किलोभर पिशव्या साठायला आम्हाला पाच महिन्यांहून अधिक काळ लागतो. एवढा धीर सगळ्यांना नसतो आणि एवढी जागाही नसते. मात्र ज्या दुकानातून रोज चारशे पिशव्या विकल्या जातात, तिथे त्या परत आल्या तर रोज किलोहून अधिक माल जमतो, आणि दुधाची गाडी पहाटे भरलेले क्रेट उतरवून रिकामे क्रेट घेऊन जातेच. परतीची गाडी रोज दारात उभी असते. तिच्यात पिशव्या चढत नाहीत, इतकेच.

23 मार्च 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत हा विचार होता, हे मान्य केले पाहिजे. दुधासाठीच्या 50 मायक्रॉनहून जाड पिशव्यांना बंदीतून सूट देताना त्यांवर किमान 50 पैसे ही पुनर्खरेदीची किंमत छापावी आणि विक्रेत्यांमार्फत त्या परत घ्याव्यात, अशी अट घातली होती. दूध संस्थांनी विरोध केला, मुदती वाढल्या, आणि आज कोणी दुकानात रिकामी पिशवी नेऊन 50 पैसे मागितले तर दुकानदार त्याच्याकडे कीव आल्यासारखा पाहील. माझ्या मते योजना चुकीची नव्हती, हिशेब चुकीचा होता. सकाळच्या गर्दीत एकेक पिशवी मोजून सुटे 50 पैसे परत करणे कोणालाही शक्य नाही; तोच व्यवहार महिन्यातून एकदा, वजनावर आणि दुधाच्या बिलातून वळते करून झाला असता तर कदाचित टिकला असता.

पिशवीच्या कापलेल्या कोपऱ्याबद्दलही इथेच लिहिते. कात्रीने टोक पूर्ण कापले की नखाएवढा त्रिकोण सुटतो आणि तो ओल्या कचऱ्यात, नाहीतर मोरीच्या जाळीत जातो. तो कोणीही वेचत नाही, वेचू शकतही नाही. टोक अर्धेच कापून पिशवीला लटकत ठेवले तरी दूध व्यवस्थित ओतता येते.

आता औषधांकडे वळते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. आम्ही दोघेही सत्तरीच्या घरात आहोत. रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइड मिळून आमच्या घरात रोज सात गोळ्या घेतल्या जातात. महिन्याच्या 210 गोळ्या, म्हणजे दहाच्या हिशेबाने 21 रिकाम्या स्ट्रिप्स. आमच्या सोसायटीत आमच्यासारखी किमान पंधरा घरे आहेत. ही स्ट्रिप हातात घेऊन नीट पाहिली तर एका बाजूला फुगवटे असलेला पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला त्याला चिकटवलेली ॲल्युमिनियमची फॉइल दिसते. प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असते, आणि काही गोळ्या दोन्हीकडून ॲल्युमिनियम असलेल्या स्ट्रिपमध्ये येतात. दमट हवेपासून गोळी वाचवण्यासाठी हे दोन थर घट्ट चिकटवलेले असतात, आणि जे औषधासाठी चांगले तेच भंगारासाठी वाईट ठरते: ॲल्युमिनियमला भाव आहे, पण प्लास्टिकपासून ते सोडवायला खास यंत्रणा लागते, आणि पीव्हीसी दुधाच्या पिशव्यांच्या पॉलिथिनमध्ये मिसळले तर वितळवताना आम्लाची वाफ सुटते आणि सगळा घाणा बिघडतो. म्हणून ज्यांना चांगुलपणाने स्ट्रिप्स आणि पिशव्या एकत्र साठवाव्याशा वाटतात, त्यांनी तसे करू नये.

पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनी घरोघरी कचरा घेतात. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या त्यांच्या संघटनेच्या नावातच कशाला भाव आहे हे सांगितलेले आहे. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी गेल्या वर्षी वेगळ्या बांधलेल्या स्ट्रिप्स दिल्या, तेव्हा त्यांनी पिशवी हातात तोलून परत माझ्याकडे दिली. “काकू, याला कुणी घेत नाही. कापलेल्या कडेनं बोट मात्र फाटतं.” हे मला तोवर सुचलेही नव्हते. आपल्याकडे चार गोळ्या हव्या असल्या की दुकानदार स्ट्रिप कात्रीने कापून देतो, आणि त्या कापलेल्या कोपऱ्याची धार ब्लेडसारखी असते.

मग मी तीच पिशवी घेऊन औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार सज्जन आहेत, आमची बरीच वर्षांची ओळख आहे. ते म्हणाले, “काकू, मी हे घेईन, पण ठेवू कुठे आणि देऊ कुणाला?” त्यांचे उत्तर रास्त होते. पण ते बोलत असताना त्यांच्या पाठीमागे, सर्वांत खालच्या फळीवर, मुदत संपलेल्या औषधांचे खोके मला दिसत होते. विक्रीच्या मालापासून हा माल वेगळा ठेवावा लागतो, आणि तो ठरावीक काळाने ज्याच्याकडून आला त्या घाऊक विक्रेत्याकडे परत जातो. म्हणजे दुधाच्या गाडीसारखीच इथेही परतीची वाट आधीपासून आहे, तिची नोंद ठेवली जाते आणि ती दुकानदाराच्या अंगवळणीही पडलेली आहे. ती काउंटरच्या आतल्या बाजूला थांबते आणि ग्राहकापर्यंत येत नाही.

केरळने ती काउंटरच्या बाहेर आणून दाखवली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या औषध नियंत्रण विभागाने कोळिकोड इथे ‘एनप्राउड’ हा उपक्रम सुरू केला. घरातली न वापरलेली आणि मुदत संपलेली औषधे टाकण्यासाठी निळ्या पेट्या ठेवल्या आणि जमलेली औषधे शास्त्रीय पद्धतीने जाळण्याची सोय केली. त्याच वर्षी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने राज्यांच्या औषध विभागांनी आणि विक्रेता संघटनांनी मिळून औषधे परत घेण्याचे कार्यक्रम सुरू करावेत, असे सुचवले. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत तर मुदत संपलेली औषधे हा घरगुती घातक कचरा मानून दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे, असे म्हटले होते. आपल्या घराजवळचे केंद्र कोणते, असे मी ओळखीच्या दहा जणांना विचारले. एकालाही सांगता आले नाही. उरलेली प्रतिजैविके आम्ही सगळे इमानेइतबारे बेसिनमध्ये किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकतो.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. तिथल्या मोठ्या सुपरमार्केटांत 2021 पासून दाराशीच मऊ प्लास्टिकसाठी मोठे डबे आहेत. पावाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, भाज्यांवरची फिल्म असे सगळे त्यांत जाते. काही औषध दुकाने गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्सही घेतात. तिच्याकडे गेले असताना मीही कौतुकाने महिनाभराच्या स्ट्रिप्स टाकून आले. पण ते कौतुक मी आता जरा जपूनच करते. तिथल्याच दोन संस्थांनी 2023-24 मध्ये अशा डब्यांत ट्रॅकर लपवलेले प्लास्टिकचे 40 गठ्ठे टाकून त्यांचा माग काढला, तेव्हा ज्या प्लास्टिकचा अंतिम मुक्काम कळला त्यातले 70 टक्के जाळले गेल्याचे निघाले. ऑस्ट्रेलियात ‘रेडसायकल’ ही सुपरमार्केटांच्या दारातली योजना 2011 पासून चालली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये अचानक बंद पडली, कारण लोकांनी धुऊन-पुसून आणून दिलेले 11 हजार टनांहून अधिक प्लास्टिक गोदामांत नुसते पडून असल्याचे उघड झाले. लोकांनी आपले काम चोख केले होते, पण पुढे माल घेणारे कोणी नव्हते. म्हणून आपल्याकडे उद्या एखाद्या दुकानात चकचकीत डबा आला आणि त्याच्याशेजारी उभे राहून फोटो निघाले, तर माझा पहिला प्रश्न हाच असेल की हा डबा कोण रिकामा करतो आणि त्यातला माल कुठे जातो.

पैशाचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. फेब्रुवारी 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जो उत्पादक प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकतो, त्याच्यावरच ते वेष्टन परत मिळवण्याची जबाबदारी आहे. लवचिक आणि बहुस्तरीय वेष्टनांसाठी पुनर्चक्रीकरणाचे उद्दिष्ट 2024-25 मध्ये 30 टक्के ठेवले असून 2027-28 पर्यंत ते 60 टक्क्यांवर न्यायचे आहे. सध्या ही जबाबदारी पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडून ‘इतक्या प्लास्टिकचे पुनर्चक्रीकरण केले’ अशी प्रमाणपत्रे विकत घेऊन पुरी करता येते, आणि 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी सुमारे सहा लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली. त्यापेक्षा औषध कंपन्यांनी दुकानातून वजन करून उचललेल्या स्ट्रिप्सचे पैसे द्यावेत. दुकानदाराकडे वजनाची पावती राहील आणि घाऊक विक्रेत्याकडे तिची प्रत जाईल.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला आणि औषध विक्रेता संघटनेला माझी विनंती मर्यादित आहे. सगळे शहर एकदम नको. ज्येष्ठ नागरिकांची वस्ती जास्त असलेला एखादा प्रभाग निवडून तिथल्या औषध दुकानांत दोन पेट्या ठेवाव्यात. एक रिकाम्या स्ट्रिप्ससाठी आणि दुसरी, कुलूपबंद, उरलेल्या किंवा मुदत संपलेल्या औषधांसाठी. दुसरीतल्या गोळ्या पुन्हा बाजारात येऊ नयेत, यासाठी ती दुकानदाराच्या नव्हे तर प्रशासनाच्या किल्लीने उघडावी. दुधाच्या पिशव्या मात्र या पेट्यांत घेऊ नयेत. त्यांवर कचरावेचक भगिनींच्या दिवसाच्या कमाईतला काही भाग अवलंबून असतो, आणि नव्या योजनेने तो हिरावून घेण्याचे कारण नाही. उलट स्ट्रिप्सचे वजन आणि वाहतूक हे काम त्यांच्याच संस्थेला मोबदला देऊन सोपवता येईल.

दरम्यान, आमच्या सोसायटीतल्या पंधरा घरांनी संक्रांतीपासून स्ट्रिप्स वेगळ्या साठवल्या आहेत आणि त्या माझ्याकडे एका गोणीत आहेत. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये त्या घेऊन पुढे त्यांचे काय केले जाते हे सांगणारी एखादी सोय असेल, तर वाचकांनी आपल्या या सदरातूनच कळवावे. गोणी पोहोचवण्याची जबाबदारी आमची.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे