स्पॉकला तेवढं सांभाळा

संपादक साहेब, नमस्कार. स्टार ट्रेक ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका पुन्हा पहिल्यापासून काढायची गोष्ट निघाली की आमच्या पोटात गोळाच येतो बघा. मूळ मालिका १९६६ ते ६९, फक्त ७९ भाग, सेट पुठ्ठ्याचे वाटायचे पण यानावरचा परग्रहावरचा स्पॉक अन् यानाचा डॉक्टर मॅकॉय यांचं वाजलं की आमच्या घरात लाईट गेली तरी अंधारात तीच चर्चा चालू. २००९ च्या पिच्चरमधी काय केलं तर स्पॉकचा अख्खा व्हल्कन ग्रहच उडवून टाकला राव, वर पडद्यावर इतकी चकाकी की डोळे दिपले, मूळ मालिकेतले स्पॉक, लिओनार्ड निमॉय, म्हाताऱ्या स्पॉकच्या रोलमधी दिसले म्हणून तेवढं गिळलं. नवीन पोरं घ्या, आमची ना नाही, पण गोळीबार जरा कमी करा अन् माणसांना बोलू द्या की.

– एक जुना प्रेक्षक, परभणी