सुधारणांआधी यंत्राचा काटकोन तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या कार्यशाळेत छोटे मिलिंग मशीन बाळगणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत आलेला सुधारणांवरील लेख मी आस्थेने वाचला. डिजिटल रीडआउट (टेबल किती सरकले ते आकड्यांत दाखवणारा पडदा), पट्ट्यावर चालणारा स्पिंडल (कटर धरून फिरणारा दांडा), वेग कमी-जास्त करता येणारी मोटर, टेबल मोटरने सरकवणारे पॉवर फीड, हे सारे त्यात व्यवस्थित आले आहे. मात्र या सगळ्याआधी यंत्राची भूमिती तपासून ती जागेवर आणावी लागते, आणि त्या कामाला लेखात जेमतेम एक ओळ मिळाली आहे. हा क्रम उलटा केल्याने काय होते ते मी स्वतः अनुभवले आहे, म्हणून हे पत्र.

मी आधी रीडआउट बसवला. पडद्यावर ०.००५ मिलिमीटरपर्यंतचे आकडे दिसू लागले आणि यंत्र आता अचूक झाले अशी माझी खात्री पटली. स्पिंडलही मी हेडच्या, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या भागाच्या, मागे शिम (धातूची पातळ पट्टी) घालून टेबलाशी काटकोनात आणला होता. तरीही कड शोधून शून्य धरायचे, मग लांब ड्रिल मावावे म्हणून हेड १०० मिलिमीटर वर घ्यायचे आणि छिद्र पाडायचे, असे केले की छिद्र ठरल्या जागेपासून ०.१ मिलिमीटर पुढे पडत असे. एकमेकांवर बसणाऱ्या दोन प्लेटांमधून डॉवेल पिन (त्यांना नेमके जुळवणारी खुंटी) जाईना. कितीतरी दिवस मी रीडआउटच्या पट्ट्याच तपासत बसलो. दोष होता कॉलममध्ये, म्हणजे हेड ज्यावर वर-खाली सरकते त्या उभ्या खांबात: तो १५० मिलिमीटर उंचीत ०.१५ मिलिमीटर पुढे झुकलेला होता. हेड वर जाताना त्या झुकलेल्या वाटेनेच जात होते, आणि रीडआउट फक्त टेबलाची हालचाल मोजत असल्याने त्याला याचा पत्ता लागणे शक्यच नव्हते.

म्हणून पहिली तपासणी कॉलमची. त्याआधी स्लाइड (सरकण्याचे मार्ग) स्वच्छ करून त्यांतला ढिलेपणा काढणाऱ्या गिब पट्ट्या बेताच्या घट्ट कराव्यात, कारण सैल गिबवर घेतलेले कोणतेही वाचन भरवशाचे नसते, आणि यंत्र ज्या बाकावर बसवले आहे तो पिळलेला नाही हेही पाहून घ्यावे. मग टेबलावर अचूक गुण्या उभा करून, हेडला लावलेल्या डायलचे (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक त्याच्या पात्यावर टेकवून हेड वर-खाली न्यावे. गुण्याविषयीच शंका असेल तर लेथवर एकाच बांधणीत कातलेला दंडगोल उभा करावा, एकदा वाचन घ्यावे, दंडगोल १८० अंशांत फिरवून पुन्हा घ्यावे आणि दोहोंची सरासरी धरावी. दंडगोल किंचित तिरका उभा असल्याची चूक त्यात आपोआप वजा होते. शिमची जाडी त्रैराशिकाने निघते. माझ्या कॉलमच्या पुढच्या-मागच्या बोल्टांमध्ये १२० मिलिमीटर अंतर होते, म्हणून पुढच्या बाजूला ०.१२ मिलिमीटर जाडीची शिम लागली. स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमची फॉइल पुष्कळांना सुचते, पण ती दाबाखाली चपटी होते. शिम पितळी किंवा पोलादीच हवी.

कॉलम सरळ झाल्यावरच हेड ट्रॅम करण्याला, म्हणजे स्पिंडल टेबलाशी काटकोनात आणण्याला, अर्थ येतो. मला आधी हेडमागची जुनी शिम काढून टाकावी लागली, आणि ती काढताच स्पिंडल बहुतांशी आपल्या जागी आला. स्पिंडलमध्ये आडवा दांडा धरून त्याला डायल लावावी, स्पिंडल हाताने फिरवावा आणि २०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार ठिकाणी काटा पाहावा. डायल स्पिंडलबरोबरच फिरत असल्याने टेपरचा किंवा चकचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) या वाचनात येत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. टेबलाच्या टी-स्लॉट खाचांपाशी डायलचे टोक अडखळते आणि काटा उडी मारतो. त्यासाठी मी टेबलावर एका मोठ्या बेअरिंगची घासून तयार केलेली बाहेरची रिंग ठेवतो, आणि तिच्याखाली बुरचा (धातूच्या बारीक उंचवट्याचा) एक कणही राहू नये म्हणून आधी टेबलावर तेलदगड हलकेच फिरवतो.

समोरासमोरच्या वाचनांत ०.०२ मिलिमीटरच्या आत फरक आला की घरगुती कामाला तो पुरतो. फरक ०.२ मिलिमीटर राहिला तर ५० मिलिमीटरच्या फ्लाय कटरने (एकच पाते गोल फिरवणाऱ्या कटरने) एका फेरीत काढलेला पृष्ठभाग मध्यभागी ०.०२५ मिलिमीटर खोलगट होऊ शकतो, आणि त्यावर पोलादी पट्टी उभी धरली की खालून उजेडाची रेघ दिसते.

सगळ्यात जास्त संयम लागतो तो बोल्ट आवळताना. काटा शून्यावर आणून पाना फिरवला की तो पुन्हा तीन-चार घरे सरकतो, हे मी दर वेळी पाहतो. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत आणि प्रत्येक टप्प्यावर काटा पाहावा. हे घाईचे काम नाही. एक अख्खी दुपार त्यासाठी राखून ठेवावी.

एवढे झाल्यावर लेखातील सुधारणा खरोखर उपयोगी पडतात. मात्र रीडआउटमुळे मोजमापातला बॅकलॅश (स्क्रू आणि नट यांमधला ढिलेपणा) मिटतो, टेबल सरकवणाऱ्या लीडस्क्रूमधला मिटत नाही, हे स्पष्ट लिहायला हवे होते. क्लाइम्ब मिलिंग करताना, म्हणजे कटरचे दात आणि टेबल एकाच दिशेने सरकत असताना, कटर टेबलाला त्या मोकळ्या जागेतून ओढून नेतो आणि तुटू शकतो. तीन फेजच्या मोटरला वेगनियंत्रक जोडताना त्या दोहोंच्या मध्ये चालू-बंद करण्याचे बटण ठेवू नये, आणि यंत्राच्या सांगाड्याला अर्थिंग असल्याची खात्री करावी, हेही नवख्या वाचकाला कोणीतरी सांगायलाच हवे.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात डायल कोठे टेकवायची आणि शिम कोणत्या बोल्टाखाली घालायची हे दाखवणारी एक आकृती जरूर छापावी, आणि शक्य झाल्यास ती लेखाच्या सुरुवातीलाच द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक हौशी यंत्रकारागीर