घरात कुत्रा-मांजर असणाऱ्या सभासदांसाठी सूचना: गॅसगळती

ऐरोलीतल्या आपल्या सोसायटीत काही घरांत सिलिंडर आहे, काहींत पाइप गॅस. घर बंद करून कामाला जाताना आणि रात्री झोपताना शेगडीच्या बटणावर विसंबू नका. सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करा. मांजर ओट्यावर उडी मारते, तिच्या अंगाच्या धक्क्याने बटण फिरू शकतं. शेगडीच्या बटणांना झाकणं मिळतात, ती जरूर बसवा.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. आपल्या नाकापर्यंत वास येण्याआधी खाली झोपलेलं जनावर तो श्वासात घेत असतं, आणि त्याला सांगता येत नाही. म्हणून सिलिंडर असेल तर गॅस डिटेक्टर जमिनीजवळ लावा. पाइप गॅस हलका, त्यासाठी छताजवळ. मांजर पडेल म्हणून खिडक्या कायम बंद ठेवू नका. जाळी लावा, हवा खेळू द्या.

नळी दर 5 वर्षांनी बदला, तारीख तिच्यावरच छापलेली असते. दाताच्या खुणा दिसल्या तर लगेच बदला. शंका आली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा, काडी कधीच ओढू नका.

वास आलाच तर दिव्याचं, पंख्याचं कुठलंही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. कॉक बंद, खिडक्या उघड्या, जनावराला घेऊन बाहेर. सिलिंडरसाठी 1906 वर फोन बाहेर पडल्यावरच करा. पाइप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, तो आजच मोबाइलमध्ये साठवा.

– व्यवस्थापक समिती